जुनी सायकल, नवी रिम

सिंहगडाचा रस्ता उतरताना ब्रेक दाबला की दोन गोष्टी झिजतात. ब्रेकचं रबर झिजतं, हे सगळ्यांना माहीत असतं आणि ते बदललंही जातं. दुसरी झिजणारी गोष्ट म्हणजे रिम, चाकाचं टायर बसतो ते धातूचं कडं. तिच्याकडे वर्षानुवर्षं कुणी बघत नाही.

व्ही-ब्रेकच्या, म्हणजे रिमला दोन्ही बाजूंनी रबर दाबणाऱ्या ब्रेकच्या, जुन्या माउंटन बाइकमध्ये रिम हा ब्रेकचाच अर्धा भाग असतो. पावसाळ्यात चिखलातली वाळू रबरात रुतते आणि रबराचा पॉलिश पेपर होतो. प्रत्येक उतारावर ॲल्युमिनियम थोडं थोडं खरवडलं जातं.

रिमच्या बाजूला स्टीलची पट्टी उभी धरून बघा. मध्ये फट दिसली, तर रिमची भिंत झिजून आत गेली आहे. बऱ्याच रिमांवर कारखान्यातच एक बारीक खाच किंवा टिंब कोरलेलं असतं. ते दिसेनासं झालं की रिम संपली. भिंतीची जाडी एक मिलिमीटरच्या आत आली असेल, तर त्या चाकावर घाटात जाऊ नये. टायरमधली हवा या भिंतीला सतत बाहेर ढकलत असते. ती उतारावर फाटली तर ट्यूब फुटते, आणि पुढचं चाक ब्रेकमध्ये अडकून जागीच थांबू शकतं. ब्रेक दाबताना दर फेऱ्याला एकाच ठिकाणी हिसका बसत असेल, तर आजच तपासा.

दुकानात नुसती ‘सव्वीसची रिम’, म्हणजे सव्वीस इंची, मागू नका. माउंटन बाइकच्या सव्वीसला टायर बसतो तिथला व्यास ५५९ मिलिमीटर असतो. २६ बाय १-३/८ या साध्या सायकलीच्या रिमचा ५९०. एकाचं टायर दुसरीवर बसणार नाही. ५५९ हे माप १९३३ साली श्विन कंपनीने अमेरिकेत आणलेल्या फुगीर टायरांच्या सायकलींचं. १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीतले तरुण त्याच जुन्या सायकली माउंट टॅमलपायसच्या मातीच्या उतारांवर पळवू लागले, आणि माउंटन बाइकला हे चाक मिळालं. नव्या सायकली आता २७.५ आणि २९ वर गेल्यात, त्यामुळे चांगली ५५९ची रिम शोधावी लागते. जुन्या रिमची स्पोकची भोकं मोजा, ३२ की ३६. आणि फक्त डिस्क ब्रेकसाठी बनवलेली रिम घेऊ नका, तिच्या बाजूला रबर घासायची जागाच नसते.

अख्खं चाकच बदला, असा सल्ला मिळेल. हब, म्हणजे चाकाच्या मधला फिरणारा भाग, मोकळा फिरत असेल, तर आमचं मत वेगळं आहे. चांगला हब टाकून देण्यात काहीच शहाणपणा नाही. नव्या रिमचा निपलपाशी (रिममध्ये स्पोक पकडणाऱ्या छोट्या नटपाशी) मोजलेला आतला व्यास जुन्या रिमइतकाच असेल, तर जुने स्पोकही चालतात. गंजलेले, वाकलेले मात्र काढाच.

आता काम. आधी सगळे निपल थोडे थोडे सैल करायचे, एका बाजूचे एकदम नाही. मग नवी रिम जुनीला चिकटवून टेपने बांधायची. व्हॉल्व्हचं भोक व्हॉल्व्हच्या भोकासमोर यायला हवं. स्पोकची भोकं आळीपाळीने डावी-उजवीकडे सरकलेली असतात, तीही जुळवायची. एक स्पोक सोडायचा, नव्या रिममध्ये घालायचा, आट्यांना तेलाचा थेंब द्यायचा, निपल हाताने बसवायचा. मग पुढचा. चाकाची मूळ वीण अशी जशीच्या तशी राहते, म्हणूनच पहिल्यांदा चाक बांधणाऱ्यानेही ही पद्धत धरावी.

आउट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, काढायला मात्र घाई नको. निपलच्या चावीचा पाव फेरा, चाक फिरवून बघणं, पुन्हा पाव फेरा. मागच्या चाकात गिअरच्या बाजूचे स्पोक जास्त ताणलेले असतात, कारण त्या बाजूला हबची कड मध्याच्या जवळ असते. ताण बरोबर आला की समांतर स्पोक जोडीजोडीने मुठीत दाबायचे. पीळ पडलेले स्पोक टिकटिक करत जागेवर येतात. मग पुन्हा आउट बघायचा.

चाक सायकलीत बसवण्याआधी ब्रेकचं रबर उलटं करून पाहा. त्यात जुन्या रिमचे चमकणारे कण रुतलेले असतील. ते सुईने उकरून काढा. रबर कडक झालं असेल, तर नवंच घाला.