पूर्ण एक मिनिट

(पहाट. वॉर्डाबाहेर चहाची किटली.)
पहाटेचे साडेपाच. पुण्यातल्या एका रुग्णालयाचा पुरुष वॉर्ड. रात्रपाळीला सिस्टर दोघी, खाटा ३६.

(आजोबांचं मनगट जवळून.)
सिस्टर नाडी बघतायत असं आजोबांना वाटतंय. वाटू द्यायचं. बोटं मनगटावर असली तरी नजर आहे पोटावरच्या चादरीवर. चादर वर गेली, खाली आली, एक झाला. श्वास मोजतोय असं सांगितलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो, म्हणून ही लबाडी. मोजायचं मिनिटभर, पूर्ण. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणलं, की एका श्वासाची चूक चारावर जाते.

(चादर. भिंतीवरचं घड्याळ. निवेदन नाही.)

२८.

(दुसऱ्या एका रुग्णालयातली फाईल. नाव झाकलेलं.)
ही फाईल दुसरीकडची. श्वासांच्या रकान्यात सोमवारी सकाळी १८, रात्री १८. मंगळवारी १८. ताप १०३ असताना १८. इतका शिस्तीचा श्वास झोपलेल्या माणसाचाही नसतो.

(संग्रहातली दृश्यं: २००९, मास्क लावलेल्या रांगा.)
विषाणू ओळखण्यात पुणं जुनं. आजची राष्ट्रीय विषाणू संस्था इथं १९५२ पासून आहे. २००९ मध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू इथलाच, २०२० मध्ये राज्यातले कोविडचे पहिले रुग्णही इथलेच. पण चाचणी सांगते विषाणू कोणता. शेजारच्या दोन खाटांवरच्या दोघांपैकी अत्यवस्थ कोण होणार, हे त्या कागदावर नसतं.

(सिस्टरांची वही, पेन.)
त्यासाठी गुण मांडतात. दाखल रुग्णाच्या मृत्यूचा धोका सांगणारा कोविडसाठीचा 'फोर-सी' गुणांक २०२० मध्ये ब्रिटनमधल्या ३५ हजारांहून जास्त दाखल रुग्णांच्या नोंदींवरून बसवला. वय, लिंग, जुने आजार, श्वासांची गती, ऑक्सिजन, रुग्ण शुद्धीवर आहे का, रक्तातला युरिया आणि शरीरातला दाह दाखवणारं सीआरपी. एकूण गुण २१. लसीच्या आधीचा आणि तिकडचा आहे, त्यामुळे आपल्याकडे डोळे मिटून लावायचा नाही. पण सीटी स्कॅन लागत नाही, ही त्याची श्रीमंती.

आजोबांचे मांडू. वय ६७, गुण ४. पुरुष, १. मधुमेह, १. सीआरपी ११०, त्याचे २. ऑक्सिजन ९३, शून्य. शुद्धीवर आहेत, युरिया ठीक, शून्य. श्वास २८, त्याचा १. झाले ९, आणि ९ पासून जास्त धोक्याचा गट सुरू होतो. इथं कुणी सवयीनं १८ लिहिले असते तर झाले असते ८. आजोबा मध्यम गटात.

(बोटावरचा ऑक्सिमीटर.)
मग ऑक्सिमीटर कशाला आहे, असं विचारतात. तोही हवाच. कोविडमध्ये ऑक्सिजन उतरलेला असूनही धाप न लागलेले रुग्ण आपण पाहिलेत. पण पुष्कळदा शरीर आधी श्वास वाढवून ऑक्सिजन सांभाळून धरतं, आणि तेवढा वेळ यंत्रावरचा आकडा बरा दिसत राहतो. ही ओढाताण दिसते ती चादरीवर.

३६ खाटा म्हणजे नुसत्या मोजणीची ३६ मिनिटं. तेवढ्यात सलाईन संपतं, कुणाला उलटी होते, फोन वाजतो. १८ लिहिणाऱ्या सिस्टरांवर रागावण्याआधी त्यांच्या वॉर्डातली माणसं मोजावीत.

(स्ट्रेचर, लिफ्टचं दार.)
दुपारी आजोबांना आयसीयूत हलवलं. तिथं कॅमेऱ्याला परवानगी नव्हती.

(शेजारची खाट. सिस्टरांचा हात, मनगट, चादर. मोजणी ऐकू येते.)