निवडीआधीची वजाबाकी

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय, 'मुलं तांत्रिक आणि व्यावसायिक शिक्षणाकडे कशामुळे वळतात'. त्यावर येतोच, आधी मनात सलणारी एक गोष्ट सांगतो.

एका शाळेत नववीच्या मुलांशी बोलायला गेलो होतो. शाळेची कार्यशाळा उत्तम होती. लेथ म्हणजे धातू कातायचं यंत्र, वेल्डिंगची सोय, हत्यारं जागच्या जागी. तिथले सर चालू मशीनचा नुसता आवाज ऐकून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगायचे. असा माणूस शिक्षक म्हणून मिळणं किती दुर्मिळ, हे या सभागृहात वेगळं सांगायला नको. आणि त्या शाळेत शिक्षा काय होती? 'दंगा केलास तर कार्यशाळेत पाठवीन!' गणितात नापास, कार्यशाळा. मारामारी केली, कार्यशाळा. अशात एक हुशार मुलगी आपणहून म्हणाली, "मला लेथ शिकायचाय." वर्गशिक्षिकेने तिला जवळ घेऊन विचारलं, "काय झालं गं? घरी सगळं ठीक आहे ना?"

हसा, जरूर हसा. पण त्या बाईंची काळजी अगदी खरी होती, आणि मला तेच भयंकर वाटतं. कार्यशाळेचे सर दारातच उभे होते. त्यांनी ऐकलं आणि काही न बोलता आत गेले.

माझं म्हणणं एवढंच आहे की मुलं निवडतात कमी, वगळतात जास्त. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लिंडा गॉटफ्रेडसन यांनी 1981 मध्ये हे फार नेमकं मांडलं. साधारण सहा ते आठ वर्षांचं मूल 'हे मुलांचं काम, ते मुलींचं' म्हणून अर्धी यादी खोडतं. नऊ ते तेरामध्ये कुठल्या कामाला मान आहे ते कळतं, आणखी नावं जातात. स्वतःची आवड येते त्यानंतर, चौदाच्या पुढे. म्हणजे आपले समुपदेशक माहितीपत्रकं घेऊन पोचतात तोवर वेल्डिंग यादीत उरलेलंच नसतं! आणि मान कशाला आहे हे मुलांना कोण शिकवतं? आपणच.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. भरभर सांगतो.

आत्मविश्वास. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँड्युरांनी 1977 मध्येच सांगितलं की 'मला जमेल' हा विश्वास सर्वांत पक्का होतो तो स्वतः करून पाहिल्यावर. तेव्हा हत्यार हातात लवकर द्या, दहा-अकराव्या वर्षीच, आणि सगळ्यांना द्या.

ओळख. पिसा या पंधरा वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीच्या 2018 च्या पाहणीत 41 देशांतल्या पंधरा वर्षांच्या 47 टक्के मुलांनी आणि 53 टक्के मुलींनी भविष्यातलं काम म्हणून त्याच त्या दहा व्यवसायांपैकी एकाचं नाव घेतलं. जे काम कधी पाहिलंच नाही, ते मुलं मागणार कुठून?

आणि पालकांची भीती, 'पुढे वाट बंद झाली तर?' ही भीती रास्त आहे. स्वित्झर्लंडमध्ये सुमारे दोन तृतीयांश मुलं व्यावसायिक शिक्षणाला जातात. तिथे 1990च्या दशकात व्यावसायिक शिक्षणातूनच उपयोजित विज्ञान विद्यापीठात जाण्याची परीक्षा सुरू झाली. पालकांची समजूत घालायला निघण्याआधी अशी वाट बांधायला हवी, असं माझं ठाम मत आहे. कुणाला पटत नसेल तर आता प्रश्नांच्या वेळात जरूर भांडा.