खोटी वेळ नेमकी कुठे अडते?

(पडद्यावर: एकाच टेस्टचे तीन निकाल. एक हिरवा, दोन लाल.)

कोड तोच, टेस्टही तीच. परवान्याची मुदत २९ फेब्रुवारीला संपली की प्रोग्रॅम नीट वागतो का, एवढंच तपासायचंय. त्यासाठी लीप वर्षाची वाट कोण बघणार? म्हणून मशिनचं घड्याळ न हलवता फक्त या प्रोग्रॅमला खोटी वेळ सांगितली. ६४ बिट लिनक्सवर टेस्ट पास झाली. ३२ बिट एआरएम प्रोसेसरवर आणि मॅकवर फेल.

पहिला संशय जातो तारखेच्या गणितावर. टाइमझोन तपासले जातात, टेस्टमध्ये एखाद्या सेकंदाची सूट घातली जाते, कुणीतरी 'पुन्हा रन करून बघ' म्हणतं. पण टेस्टच्या पहिल्याच ओळीत आत्ताची वेळ छापून बघा. तिथे आजचीच तारीख आली, तर गणिताला हात लावायचं कारणच नाही. खोटी वेळ प्रोग्रॅमपर्यंत पोहोचलेलीच नाही.

(पडद्यावर: टर्मिनल. लायब्ररी लोड होताना.)

प्रोग्रॅमला खोटी वेळ सांगणारं लिबफेकटाइमसारखं साधन चालतं कसं? प्रोग्रॅम वेळ विचारतो सी लायब्ररीला, 'क्लॉक गेटटाइम'सारख्या फंक्शनमधून. 'एलडी प्रीलोड' हे व्हेरिएबल लावलं की लिनक्सचा लोडर, म्हणजे प्रोग्रॅम सुरू होताना त्याला लायब्ररी जोडून देणारा भाग, आपली लायब्ररी आधी शोधतो, आणि त्या नावाचं आपलं फंक्शन त्याला सापडतं. सगळी करामत नावावर. आणि एआरएमवर गडबड झाली ती नावातच.

सेकंद ३२ बिटांत मोजले, तर १९ जानेवारी २०३८ रोजी यूटीसीप्रमाणे पहाटे ३ वाजून १४ मिनिटं ७ सेकंदांनी आकडा संपतो. त्यावर उपाय म्हणून २०१९ साली लिनक्स कर्नल (सिस्टिमचा गाभा) ५.१ मध्ये ३२ बिट मशिनसाठी नवे सिस्टिम कॉल, म्हणजे कर्नलकडे काम मागायचे नवे मार्ग, आले. लिनक्सवरची सी लायब्ररी जीलिबसी, तिच्या २०२१ च्या २.३४ आवृत्तीमध्ये प्रोग्रॅमनाही ६४ बिट वेळ घेता येऊ लागली. जुने प्रोग्रॅम मोडू नयेत म्हणून जुनं फंक्शन जागेवर ठेवलं आणि शेजारी नवं आणलं: 'क्लॉक गेटटाइम ६४'. सोर्समध्ये जुनंच नाव दिसतं. कंपाइल होताना ते गुपचूप बदलतं. खोट्या वेळेच्या लायब्ररीला हे नवं नाव ठाऊक नसेल, तर प्रोग्रॅम सरळ खऱ्या घड्याळाकडे जातो. डेबियन या लिनक्स वितरणाने २०२४ मध्ये ३२ बिट एआरएम नव्या पद्धतीवर नेलं, पण इंटेलचं आय३८६, तेही ३२ बिटच, जुन्यावरच ठेवलं. त्यामुळे '३२ बिटवर फेल होतं' असा बग नोंदवला, तर तोही अर्धवटच ठरतो.

(पडद्यावर: सिम्बॉलची, म्हणजे फंक्शनच्या नावांची यादी. एका नावाशेवटी '६४'.)

इथे एसट्रेस, म्हणजे प्रोग्रॅमचे सिस्टिम कॉल दाखवणारं साधन, लावून बघायचा मोह होतो. बहुतेकदा त्यात काही दिसत नाही, कारण वेळ व्हीडीएसओमधून, म्हणजे कर्नलने प्रोग्रॅमच्याच मेमरीत ठेवलेल्या कोडमधून मिळते, कर्नलमध्ये शिरावंच लागत नाही. त्यापेक्षा 'एनएम' कमांडने बायनरीतले, म्हणजे कंपाइल झालेल्या प्रोग्रॅममधले, डायनॅमिक सिम्बॉल बघा. 'एलडी डीबग'ला 'बाइंडिंग्ज' दिलं, तर कुठलं नाव कुठल्या लायब्ररीला जोडलं गेलं तेही छापून येतं. गो भाषेतले प्रोग्रॅम मात्र लिनक्सवर सी लायब्ररीला विचारतच नाहीत. तिथे ही युक्ती सोडून द्यावी.

मॅकची गोष्ट वेगळी. तिथे 'एलडी प्रीलोड'च्या जागी असलेलं व्हेरिएबल 'डीवायएलडी इन्सर्ट लायब्ररीज'. २०१५ च्या एल कॅपिटन या मॅकच्या आवृत्तीपासून सिस्टिमच्या संरक्षित प्रोग्रॅमना ते मिळत नाही, आणि शेल हाही संरक्षितच. टेस्ट शेल स्क्रिप्टमधून सुरू होत असेल, तर व्हेरिएबल वाटेतच गळतं. एररही येत नाही. ते स्क्रिप्टच्या आत, आपली बायनरी चालवण्याच्या ओळीवरच लावावं.

टेस्ट फेल न होता नुसती लटकली, तर संशय मोनोटॉनिक घड्याळावर, म्हणजे कधीच मागे न जाणाऱ्या, किती वेळ गेला ते मोजायच्या घड्याळावर घ्यावा. टाइमआउटची मुदत खोट्या घड्याळावरून ठरते आणि प्रोग्रॅमला तोवर थांबवून ठेवणारा कर्नल खरं घड्याळ बघतो. लिबफेकटाइममध्ये हे घड्याळ खोटं न करण्याची सोय आहे, ती वापरावी.

आणि लाल खूण नको म्हणून त्या प्लॅटफॉर्मवर टेस्ट स्किप करण्याची पद्धत आहे, ती मला पटत नाही. स्किप झालेल्या टेस्टकडे नंतर कुणी फिरकत नाही. त्यापेक्षा सुरुवातीलाच वेळ तपासावी, आणि ती खरी निघाली तर 'खोटी वेळ लागू झाली नाही' असा स्वच्छ मेसेज देऊन टेस्ट फेल होऊ द्यावी.