‘शेवटची’ हा शब्द आधी काढा

आजच्या व्याख्यानाच्या पत्रिकेवर ‘शेवटची इच्छा’ असं छापणार होते. मी संयोजकांना फोन करून ‘शेवटची’ हा शब्द काढायला लावला. त्यांनी तो लगेच काढला, त्याबद्दल मनापासून आभार. एवढा हट्ट का धरला, ते सांगते.

गंभीर आजारी मुलाला घरच्यांसोबत परदेशी सहलीला पाठवायची गोष्ट काढली, की आईचा चेहरा उतरतो. ती मला बाजूला घेते आणि हळूच विचारते, “डॉक्टर, म्हणजे आता काही राहिलं नाही का?” या एका भीतीपायी मुलाला विचारायचंच राहून जातं. ही केमो (कॅन्सरवरची औषधं) होऊ दे, रक्तपेशींचा काउंट वर येऊ दे, थोडी ताकद भरू दे. असं करता करता विचारायची वेळ येते तेव्हा पोर उठून बसू शकत नसतं. मुलांच्या इच्छा पूर्ण करणाऱ्या मेक-अ-विश या संस्थेचा अमेरिकेतला निकष तुम्हाला ठाऊक असावा. मूल अडीच ते अठरा वर्षांचं हवं आणि आजार जिवावर बेतू शकेल असा हवा. मूल वाचणार नाही, अशी अट त्यात कुठेही नाही. इच्छा पूर्ण झालेली कितीतरी मुलं पुढे बरी होऊन मोठी झाली आहेत.

या कामाची सुरुवातच मुळी घाईत झाली. 1980 साली अमेरिकेतल्या ॲरिझोनात ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर झालेल्या सात वर्षांच्या मुलाला पोलीस व्हायचं होतं. तिथल्या अधिकाऱ्यांनी 29 एप्रिलला त्याला हेलिकॉप्टरमधून फिरवलं, मानद पोलीस म्हणून शपथ दिली आणि मग त्याच्या मापाचा गणवेश शिवून घेतला. 3 मे रोजी तो गेला. मधे चार दिवस.

दुसरी गोष्ट हेन्री लँडवर्थ यांची. तेराव्या वर्षापासून अठराव्यापर्यंतचा काळ त्यांनी नाझी छळछावण्यांत काढला होता. पुढे फ्लोरिडात ते हॉटेलचालक झाले. एका आजारी मुलीच्या कुटुंबासाठी त्यांनी खोली फुकट दिली. पण सहलीची बाकीची जमवाजमव होईपर्यंत इतके दिवस गेले, की ती मुलगी आधीच वारली. खोली रिकामीच राहिली. लँडवर्थना ते फार लागलं. त्यातून 1986 साली ‘गिव्ह किड्स द वर्ल्ड’ ही संस्था उभी राहिली. फ्लोरिडातल्या किसिमी इथे या संस्थेने वसवलेल्या गावात आजारी मूल आणि त्याचं कुटुंब आठवडाभर विनामूल्य राहतं. सकाळच्या न्याहारीलाही तिथे आइस्क्रीम मिळतं! इतके दिवस ज्या पोराने तोंडात घास धरला नाही, त्याच्या आईला विचारा याचं मोल.

मग जायचं कधी? जमलं तर उपचारांच्या अधेमधे. मुलांमधल्या लिम्फोब्लास्टिक प्रकारच्या ल्युकेमियात सुरुवातीच्या कडक केमोनंतर मेंटेनन्सचा, म्हणजे सौम्य औषधांचा लांबलचक टप्पा असतो. तेव्हा बहुतेक मुलं बऱ्यापैकी हिंडती-फिरती असतात, तो काळ दवडू नका. विमानाचं मात्र मनावर घ्या. आतला हवेचा दाब आठ हजार फूट उंचीवर असतो तितका खाली येऊ शकतो. हिमोग्लोबिन फार कमी असेल, फुप्फुसं अधू असतील, तर तिथे ऑक्सिजन कमी पडतो. म्हणून तिकीट काढण्याआधी डॉक्टरांना भेटा, निघण्याआधी रक्त तपासून घ्या. औषधं हातातल्या बॅगेत ठेवा, चिठ्ठ्यांसकट आणि चार दिवस पुरतील इतकी जास्तीची. मॉर्फिन हे तीव्र वेदनांवरचं औषध असेल तर ते त्या देशात न्यायला परवानगी लागते का, ते आधी विचारा. विमा घेताना आजार लपवू नका. आधीपासूनचा आजार बहुतेक पॉलिसींत वगळलेला असतो, तो ठासून विचारायचा मुद्दा आहे. आणि उतरल्याबरोबर जवळचं मुलांचं रुग्णालय कुठे आहे ते पाहून ठेवा. केमो चालू असलेल्या मुलाला 38 अंश सेल्सिअसच्या वर ताप आला तर सकाळपर्यंत थांबायचं नसतं, तासाभरात अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं.

हे सगळं जमतं. जमत नाही ते मुलाचं ऐकून घेणं. माझ्याकडे एक नऊ वर्षांचा मुलगा होता. वडिलांनी ठरवूनच टाकलं होतं, मोठ्या खेळांच्या बागेत न्यायचं. मी वडिलांना बाहेर पाठवून त्यालाच विचारलं. तो म्हणाला, “बर्फ पडताना बघायचाय. आणि खिडकी ताईला द्यायची.” ही ताई बारा वर्षांची. दोन वर्षं ती ‘गप्प बस, त्याला बरं नाही’ एवढंच ऐकत होती. शाळेच्या कार्यक्रमाला तिच्यासोबत कुणी गेलं नव्हतं, आणि तिने ते कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. आपण मात्र भावंडांना ‘सोबत जातील’ असं यादीच्या तळाशी लिहितो. मला ते अजिबात पटत नाही.

गेले चौघंही. परत आल्यावर तो तपासणीला आला, हातात गोळ्यांची डबी. सात वारांचे सात खण. रविवारच्या खणात त्याने बर्फ भरला होता, सिस्टरला दाखवायला, आणि झाकणावर चिकटपट्टी लावली होती. सिस्टरने पट्टी सोडवली. आत चमचाभर पाणी होतं. “हाच तो,” असं त्याने तिला अगदी गंभीरपणे सांगितलं. मग बाही वर करून रक्त द्यायला बसला, कारण त्या दिवशी त्याची पुढची केमो होती.