साडेनऊ मार्क

रात्रीची कॅज्युअल्टी. व्हीलचेअरवर काका, मांडीवर रिपोर्टची पिशवी, मागे मुलगा. फुफ्फुसाचा कॅन्सर, चौथी स्टेज, आज अचानक दम लागला म्हणून धावत आणलंय. मुलगा विचारतोय "बरे होतील ना?", खरं तर त्याला विचारायचंय किती दिवस, पण ते आपल्याकडे कोण तोंडाने विचारतं.

आणि विचारलं तरी डॉक्टरांचा नुसता अंदाज चुकतो, तोही बहुतेकदा आशेच्या बाजूने. शिकागोच्या हॉस्पिसमधल्या, म्हणजे शेवटच्या दिवसांत काळजी घेणाऱ्या सेवेतल्या, ४६८ पेशंटबद्दल ३४३ डॉक्टरांना विचारलं होतं, २००० साली ते छापून आलं, जेमतेम २० टक्के अंदाज बरोबर निघाले, ६३ टक्के वेळा आयुष्य जास्तच सांगितलेलं. त्यात पेशंटशी ओळख जितकी जुनी तितकी चूक मोठी, म्हणजे बघा.

आता ही डॉक्टर काय करतेय ते नीट बघा, किती दिवस उरलेत त्याचा अंदाज घ्यायला मार्क लावतेय. स्कॅन नाही, रक्त नाही. अंगठ्याने पाय दाबला, खड्डा पडला, सूज आहे, १ मार्क. जेवण? दोन घाससुद्धा जात नाहीत, २.५. पडल्यापडल्या पण दम, ३.५. दिवसभर अंथरुणातच, सगळं दुसऱ्याने करायचं, अजून २.५. "काका, आज वार कोणता?" "गुरुवार." बरोबर. म्हणजे भ्रम नाही, असता तर अजून ४ लागले असते. बेरीज ९.५, आणि इथे मार्क जितके जास्त तितके दिवस कमी. हा पॅलिएटिव्ह प्रोग्नॉस्टिक इंडेक्स, जपानच्या मोरितांनी १९९९ मध्ये मांडलेला; पॅलिएटिव्ह म्हणजे आजार बरा होणार नसला तरी त्रास कमी करणारे उपचार. ६ च्या वर गेलं की उरलेलं आयुष्य साधारण ३ आठवड्यांच्या आत, ४ च्या वर असेल तर ६ आठवड्यांच्या.

पण हा कागद हॉस्पिससाठी बनलेला, कॅज्युअल्टीत दम कशाने लागलाय ते आधी बघावं लागतं. काकांच्या छातीत पाणी होतं. ही सुई, ही नळी, ही भरत जाणारी बाटली. पाणी निघालं, दम उतरला, परत मार्क लावले तर ६. ३ आठवड्यांचे ६ झाले, एवढ्याशा सुईने! म्हणून एकदाच मोजून मोकळं व्हायचं नाही, आणि न मोजता तर पेशंटला वॉर्डात पाठवायचंच नाही, दोन मिनिटं लागतात हो याला.

मुलाशी बोलणं झालं, आयसीयूचा विषय मागे पडला, मॉर्फिन सुरू झालं, सकाळी पॅलिएटिव्हची टीम येऊन भेटली आणि काका घरी गेले.