डायजेस्टरला कुठलं स्टील?

कागद गिरणीत नव्याने लागलेली मुलं मला हमखास विचारतात, "सर, सरसकट ३१६ एल स्टेनलेस स्टील वापरलं तर काय बिघडलं?" बिघडतं. कुठे, ते सांगतो.

क्राफ्ट पद्धतीत लगदा करायला लाकूड डायजेस्टर नावाच्या बंद टाकीत शिजतं, व्हाइट लिकरमध्ये. म्हणजे कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइड, तेही १७० अंशांच्या आसपास. ३१६ मधलं २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम क्लोराइडमुळे पडणाऱ्या खड्ड्यांपासून वाचवतं आणि जादा पैसे आपण त्याचेच मोजतो. पण गरम अल्कलीत त्याचा उपयोग नाही, झाला तर तोटाच. तिथे कामाला येतं क्रोमियम. म्हणून व्हाइट लिकरमध्ये स्वस्तातलं, मॉलिब्डेनम नसलेलं ३०४ एल बरोबरीने, कधी कधी जास्तही टिकतं. हे खरेदी खात्याला पटवून बघा! महाग ग्रेड नको म्हणणारा इंजिनियर त्यांनी पाहिलेलाच नसतो.

जुने डायजेस्टर साध्या कार्बन स्टीलचे. त्यांचा पत्रा झिजतो, पण ती झीज दरवर्षी मोजता येते. भेग मात्र सांगून येत नाही. १९८० साली अमेरिकेत, अलाबामातल्या पाइन हिलला एक कंटिन्युअस, म्हणजे अखंड चालणारा डायजेस्टर फुटला. वेल्डच्या कडेने कॉस्टिकने भेगा पाडल्या होत्या. वेल्डिंगनंतर धातूत ताण राहतो. तो उष्णता देऊन काढला नाही की कॉस्टिक नेमकं तिथेच शिरतं. मग इतर गिरण्यांनी आपापले डायजेस्टर तपासले, तर कितीतरी ठिकाणी तशाच भेगा निघाल्या.

आता नव्या डायजेस्टरला डुप्लेक्स घेतात, म्हणजे फेराइट आणि ऑस्टेनाइट अशा दोन रचना मिसळलेलं स्टेनलेस. नाव नवं वाटतं, पण १९३० च्या सुमारास स्वीडनमध्ये हे स्टील आधी वापरलं ते सल्फाइट या दुसऱ्या पद्धतीने लगदा करणाऱ्या कागदाच्याच धंद्यात. २२०५ या डुप्लेक्स ग्रेडची ताकद ३१६ एलच्या दुपटीच्या घरात, त्यामुळे पत्रा पातळ चालतो आणि किमतीतला फरक बराच भरून निघतो.

लगदा पांढरा करणाऱ्या ब्लीच प्लँटमध्ये सगळं उलटं. क्लोरीन डायऑक्साइड, आम्ल, क्लोराइड. इथे मॉलिब्डेनमच हवं. खड्ड्यांना ग्रेड किती तोंड देईल, याचा हिशोब टक्केवारीवरून करतात: क्रोमियम, अधिक ३.३ पट मॉलिब्डेनम, अधिक १६ पट नायट्रोजन. आकडा जितका मोठा, तितकं चांगलं. ३१६ एल २४ च्या आसपास, २२०५ पस्तिशीत, २५४ एसएमओ हे जास्त मॉलिब्डेनमचं स्टेनलेस ४३ च्या जवळ. त्याच्याही पुढे टायटॅनियम. ओल्या क्लोरीन डायऑक्साइडला ते दाद देत नाही, कोरड्या क्लोरीनमध्ये मात्र चक्क पेटतं. आणि उद्या तुम्ही लगदा धुण्याच्या त्याच टायटॅनियमच्या वॉशरवर गरम, अल्कलाइन पेरॉक्साइड सोडलंत, तर ते टायटॅनियमलाही खातं.

आपल्याकडे बगॅस, म्हणजे उसाचं चिपाड आहे, तर त्याबद्दल एकच. उसाबरोबर शेतातली वाळू येते. स्टेनलेसवरचा संरक्षक थर ती खरवडत राहते, मग ग्रेड कुठलाही असो. बगॅस आत ढकलणाऱ्या फीड स्क्रूच्या पात्यांना हार्डफेसिंग करा, म्हणजे वर कठीण धातूचा थर चढवा, आणि त्याआधी बगॅस नीट धुऊन घ्या.