पाचशे रुपयांचा दंड आणि भरतीचा फॉर्म

नमस्कार मंडळी. आज चोरीच्या केसबद्दल बोलायचंय, पण चोरापेक्षा जास्त त्या माणसाबद्दल जो एकदाच अडकतो आणि मग आयुष्यभर विचारत फिरतो की मॅडम, माझं नाव रेकॉर्डवरून कधी निघणार.

मी वकील, एक पोरगं माझ्याकडे आलं होतं, नाव गाव सांगत नाही. एकोणीस वर्षांचा असताना चहाच्या टपरीवर बाकावर पडलेला कुणाचा तरी मोबाईल उचलला, दुसऱ्या दिवशी पकडला गेला, मोबाईल परत मिळाला. कोर्टाच्या व्हरांड्यात कुणीतरी त्याच्या आईला सांगितलं, "कशाला तारखा करताय, गुन्हा कबूल करायला लावा, दंड भरा, संध्याकाळी घरी." तिला ते पटलं, का नाही पटणार, रोजंदारी बुडवून आलेली बाई. पोरानं मान डोलावली, पाचशे रुपये भरले, विषय संपला.

चार वर्षांनी पोलीस भरती. ग्राउंड निघालं, लेखी निघाली, आणि मग हातात आला साक्षांकन नमुना, म्हणजे स्वतःची माहिती खरी म्हणून लिहून द्यायचा फॉर्म. त्यात सरळ विचारलेलं असतं, कधी अटक झाली का, खटला चालला का, शिक्षा किंवा दंड झाला का. पोरानं लिहिलं "नाही". त्याच्या डोक्यात दंड भरला म्हणजे मिटलं होतं, पावती फाडली की गाडी सुटते तसं! पडताळणीत सगळं बाहेर आलं आणि नाव यादीतून गेलं.

तर पहिली गोष्ट, कबुली देऊन दंड भरला म्हणजे सुटका नाही झाली, तुम्ही दोषी ठरलात. आणि कबुलीवर शिक्षा झाली की अपील जवळजवळ बंदच, फक्त शिक्षा जास्त आहे का किंवा बेकायदा आहे का एवढ्यावरच भांडता येतं. हे त्या व्हरांड्यातल्या सल्लागाराला माहीत नसतं किंवा असतं पण तो सांगत नाही.

दुसरी गोष्ट, लोक नेटवर अमेरिकेचं वाचतात, तिकडे रेकॉर्ड सील होतं, म्हणजे झाकून ठेवतात, मग आपल्याकडे का नाही म्हणतात. आपल्याकडे अठरा वर्षांवरच्या माणसाचं गुन्ह्याचं रेकॉर्ड सील करायचा सरसकट कायदाच नाहीये. आणि तिकडेही सगळं सुखाचं आहे असं नाही बरं का. मॉलमध्ये टी-शर्ट उचलल्याची केस झालेली आपली मुलं तिकडे आहेत, राज्याच्या कोर्टानं फाईल सील केली तरी इमिग्रेशनच्या फॉर्ममध्ये ती अटक लिहावीच लागते. व्हिसाच्या अर्जात तर माफी मिळाली असली तरी सांगा असं स्पष्ट विचारलेलं असतं. त्यामुळे पोरं अमेरिकेत असली तर "सील झालंय आई, काळजी नको" यावर फार विसंबू नका.

आपल्याकडचा कायदा थोडक्यात. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, साध्या चोरीला कलम 303, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा दोषी ठरलात तर कमीत कमी एक वर्ष सक्तमजुरी, जास्तीत जास्त पाच. घरातून चोरी किंवा नोकरानं मालकाची केली तर सात वर्षांपर्यंत. पाच हजारांच्या आतली चोरी, पहिल्यांदाच दोषी आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर नव्या कायद्यात सामुदायिक सेवा आहे. ऐकायला गोड वाटतं, पण तीही शिक्षाच, म्हणजे दोषी ठरल्याची नोंद राहते.

मग वाट कुठे आहे, तर निकाल लागायच्या आधी! साध्या चोरीत वस्तूच्या मालकाशी कायदेशीर तडजोड करता येते आणि ती झाली की आरोपी निर्दोष सुटल्यासारखंच धरलं जातं. त्या पोराच्या केसमध्ये मोबाईलवाला माणूस दोन गल्ल्या सोडून राहत होता हो, आणि त्याला फक्त मोबाईल हवा होता जो आधीच मिळाला होता. कुणी जाऊन बोललंच नाही.

तडजोड नाही जमली तर 1958 चा प्रोबेशनचा कायदा. पहिलाच गुन्हा असेल तर कोर्ट समज देऊन किंवा चांगल्या वागणुकीच्या बॉण्डवर सोडू शकतं, चोरीची जुनी, भारतीय दंड संहितेतली कलमं त्यात नावानिशी लिहिलेली आहेत. आणि कलम 12 म्हणतं की असं सोडल्यावर दोषी ठरल्यामुळे येणारी अपात्रता लागत नाही. दोष पुसला जात नाही पण त्याची शेपटी कापली जाते असं मी अशिलांना सांगते. फक्त ते मागावं लागतं, वकिलाला आठवण करा, लाजू नका.

अठराच्या आतल्या मुलांचं मात्र वेगळं आहे. 2015 च्या बाल न्याय कायद्यात अपात्रता लागत नाही, अपिलाची मुदत संपल्यावर रेकॉर्ड नष्ट करायचं असतं (सोळा ते अठरा वयातल्या अतिगंभीर गुन्ह्यांना अपवाद आहे, चोरी त्यात बसत नाही), आणि केस संपल्यावर पोलिसांनी चारित्र्य दाखल्यासाठीसुद्धा ते रेकॉर्ड उघड करायचं नाही, कलम 74. म्हणून वयाचा पुरावा, शाळेचा दाखला, पहिल्या दिवशीच पुढे करा.

केस चालू असताना पासपोर्ट अडतो, पण कोर्टाची परवानगी घेऊन मिळू शकतो, केंद्र सरकारच्या 1993 च्या अधिसूचनेप्रमाणे कोर्टानं मुदत लिहिली नसेल तर वर्षाचा. आणि नोकरीच्या फॉर्मचं काय? 2016 मध्ये अवतार सिंग प्रकरणात सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की माहिती खरीच द्यायची, मात्र लहान वयातला किरकोळ गुन्हा असेल तर लपवाछपवीकडेही नोकरी देणारा दुर्लक्ष करू शकतो. करेलच असं नाही. म्हणून लिहा, खरं लिहा, आणि सोबत निकालाची नक्कल जोडा.

नक्कल म्हणजे कोर्टाच्या शिक्क्याची, झेरॉक्स नाही. माझा एक जुना अशील टेम्पो चालवतो, बऱ्याच वर्षांपूर्वी निर्दोष सुटलाय, त्याच्या डॅशबोर्डात आरसी, लायसन आणि ती नक्कल एकाच प्लास्टिकच्या पिशवीत. घड्यांवर फाटलीय, शिक्का पुसट झालाय. परवा आला, म्हणे मॅडम नवीन काढून द्या, मुलाच्या लग्नाची बोलणी चाललीयेत, मुलीकडचे गावात चौकशी करतायत. अर्ज टाकलाय. जुनी फाईल आहे, शोधायला वेळ लागेल म्हणालेत.